तिथीची पाऊणपट

इंदिरा गोदीच्या लॉक गेटवर मी लागलो तेव्हा केबिनच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक टांगलेलं होतं. आमच्या टोळीचे मुकादम टिंडलमामा वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी त्याच्याकडे मान वळवलेली मी पाहिली नाही. पाळीवर आले की विचारायचे, "तिथी कुठली रे आज?" मी पंचमी म्हटलं की ते लगेच म्हणत, "म्हणजे पावणेचार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणात दर्यावर जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. छापील वेळ थोडी मागेपुढे निघायची, तर मामा म्हणत, "छापणाऱ्याचं चुकलं असेल."

गंमत अशी, की ही गोदी बांधली तीच मुळी जहाजाला तिथी विचारावी लागू नये म्हणून.

मुंबई बंदरात उधाणाची भरती सरासरी 4.42 मीटर आणि ओहोटी 0.76 मीटर. म्हणजे उधाणाला दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून जास्त पाणी चढतं आणि उतरतं. गोद्या नव्हत्या तेव्हा मोठी जहाजं खाडीत नांगरून राहत आणि माल मचव्यांतून धक्क्याला येई. 1875 मध्ये ससून डॉक झाला. 1873 मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने पुढे 1880 मध्ये प्रिन्सेस आणि 1888 मध्ये व्हिक्टोरिया सुरू केली. या दोघींना दारं होती, पण लॉक, म्हणजे दोन दारांमधला पाण्याचा कप्पा, नव्हतं. भरतीच्या सुमाराला दार उघडायचं, जहाजं आत-बाहेर करायची आणि पाणी उतरायच्या आत दार लावून घ्यायचं. माझे वडील प्रिन्सेसच्या दारावर खलाशी होते. ते सांगत, एकदा दार लागलं की कप्तान कितीही मोठा असो, पुढच्या भरतीपर्यंत बाहेर. आमच्या घरात जेवणाची वेळही त्या दारावर ठरायची. रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जायची आणि आई त्यावरून वैतागायची.

अलेक्झांड्रा गोदी 1914 मध्ये व्हाइसरॉय हार्डिंज यांच्या हस्ते उघडली. तीच पुढे इंदिरा झाली. तिच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. तिथल्या देखण्या दगडी इमारतींचं कौतुक सगळे करतात, पण ती माती जिथून निघाली तो खड्डा कुणाला दाखवावासा वाटत नाही. त्या खड्ड्याच्या तोंडाशी आमचं लॉक: 228.6 मीटर लांब, 30.5 मीटर रुंद. जुन्या वाड्याच्या देवडीसारखंच, एक दार समुद्राकडे, एक आत गोदीकडे, आणि दोन्ही एकदम कधी उघडायची नाहीत.

ओहोटीला जहाज आलं की ते टगच्या मदतीने हळूहळू आत घ्यायचं. वरून हिव्हिंग लाइन, म्हणजे पातळ दोरी, पडते, ती झेलून तिच्या मागचा जाड दोर ओढून खुंट्याला घालायचा. बाहेरचं दार लावलं की भिंतीतल्या मोऱ्यांची झडपं उघडायची आणि गोदीतलं पाणी लॉकमध्ये घ्यायचं. नव्या माणसाला वाटतं, दार हलवणं हेच काम. खरं काम दोराचं. जहाज वर चढतं तसा दोर सैल पडतो, तो "हबेस" म्हणत आवळत राहायचा. बाहेर जाणाऱ्या जहाजाचं उलटं: पाणी उतरतं, दोर ताणला जातो, तेव्हा "आर्या, आर्या" करत सोडत जायचं. सोडायला उशीर झाला तर एवढं धूड दोरावर लोंबकळतं. ताणलेला दोर तुटला तर तो कुठून येईल ते दिसत नाही. त्यामुळे दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, ही मामांची पहिली शिकवण.

दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, ही दुसरी. पातळीत तीन मीटरचा फरक असेल तर एका खेपेला गोदीतलं सुमारे दोन कोटी लिटर पाणी लॉकमध्ये उतरतं. ते पंपांनी पुन्हा भरून काढावं लागतं. म्हणून भरतीच्या आसपासची जहाजं आम्हाला लाडकी. पाणी कमी खर्च होई आणि दोरही कमी छळत. मामा तिथी का विचारत, ते मला यातूनच कळलं. जहाजाची तिथीतून सुटका झाली, दारावरच्या माणसाची नाही.

वडिलांच्या काळात, 14 एप्रिल 1944 ला, व्हिक्टोरियात फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला होता. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसं मेली. वडील त्या दुपारी घरी होते, रात्रपाळी होती म्हणून. त्यावर ते याहून जास्त कधी बोलले नाहीत.

अलीकडे त्या दोन्ही गोद्या भर घालून बुजवल्या, कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून. समोर न्हावा-शेव्याला 1989 पासून बंदर चालू आहे, तिथे लॉकच नाही. खाडीत गाळ उपसून खोल वाट राखतात आणि जहाज थेट धक्क्याला लागतं. माझा पुतण्या तिथे क्रेनवर आहे. सगळ्यात मोठ्या जहाजांना मात्र त्या वाटेनेही भरती बघूनच आणतात, असं तो सांगतो. वेळ त्याच्या मोबाइलवर येते. मी पाऊणपट करून ताडून बघतो आणि तो हसतो.