शब्दवेध : तिरंदाज

कोरियाच्या पारंपरिक धनुर्विद्येचं नाव ‘गुक्गुंग’. तिथे लक्ष्य तब्बल १४५ मीटरवर असतं, ऑलिंपिकमध्ये ७०. म्हशीचं शिंग, बांबू आणि स्नायुतंतू यांपासून घडवलेल्या त्या धनुष्याचा लळा परदेशी माणसालाही लागतो. असं धनुष्य हाती घेणारा मराठीत ‘तिरंदाज’ होतो.

हा शब्दही परदेशीच. फारसीत ‘तीर’ म्हणजे बाण आणि ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. बरकंदाज, गोलंदाज ही त्याचीच भावंडं. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर एकेकाळी तोफ डागणारा तो गोलंदाज. आज त्याच गावात क्रिकेटचा चेंडू टाकणाराही गोलंदाजच! तोफा थंडावल्या, शब्द मैदानात उतरला.

अशा शब्दांची कुळं नोंदवणाराही परदेशीच होता. इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स मोल्सवर्थ मराठीत इतका रमला, की कॅन्डी बंधूंच्या साथीने त्याने मराठी-इंग्रजी कोशच रचला. १८३१ मध्ये तो कोश निघाला, १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती आली. फारसी शब्दापुढे ‘पी’ हे इंग्रजी अक्षर, संस्कृतापुढे ‘एस’, अशी त्याची खूण. शब्दाचं मूळ शोधणारा मराठी वाचक आजही मोल्सवर्थ उघडतो.