वय विचारले, भीती नाही

चांदवडहून आग्रा रोडने नाशिकला जाणाऱ्याला शरणपूर रोड ठाऊक असतो. शरणपूर ही १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. ख्रिस्ती झाल्यामुळे घरदार तुटलेल्यांना तिथे आसरा मिळे. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे वाढली. त्यांच्यातलाच, शोधप्रवासी लिव्हिंगस्टनच्या शवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकला होता. पण हा आसरा मिशनच्या मर्जीवर होता, कायद्याचा त्याला आधार नव्हता. धर्मापायी छळ झालेल्याला आश्रय मागण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी क्वचितच थेट हाताळला. ती शेजारचा एखादा प्रश्न सोडवत आली आणि माणसाचे नशीब त्यावरच ठरत गेले.

मुंबईच्या सुप्रीम कोर्टातली दोन प्रकरणे शेजारी ठेवली की हे लख्ख दिसते. मे १८३९मध्ये धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि मिशनरी जॉन विल्सनच्या घरी आसरा घेतला. मुलगा परत मिळावा म्हणून नातलग कोर्टात गेले. कोर्टाने त्याला जाणत्या वयाचा मानून हवे तिथे जाण्याची मोकळीक दिली. चारच वर्षांनी, १८४३मध्ये, ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मणाचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरी रॉबर्ट नेस्बिटच्या घरातून त्याच कोर्टापुढे आला. तो बारा वर्षांच्या आसपासचा होता. न्यायमूर्ती पेरींनी त्याला बापाच्या हवाली केले. परतल्यावर त्याचे हाल संपले नाहीत. मिशनऱ्यांकडे जेवलेला मुलगा जातीत घ्यायचा कसा, यावर रण माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, ही बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लावून धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. शहर तेच, कोर्ट तेच, आसराही मिशनऱ्याच्याच घरचा. फरक पडला तो वयाने.

यावर कुणी म्हणेल, ही तर मुलांच्या ताब्याची भांडणे, यांत निर्वासित कुठून आला? सरहद्द कुणी ओलांडलीच नव्हती, हे खरे. पण जातीबाहेर पडलेल्याचे पाणी, पंगत, सोयरीक आणि वाटणी एकदम तुटे. १८५०च्या एकविसाव्या कायद्याला धर्म बदलल्याने वारसाहक्क जात नाही असे सांगावे लागले, यावरूनच ती वेस किती पक्की होती ते कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बारा वर्षांचे पोर परक्यांच्या हाती ठेवायला कोणता बाप कबूल होईल? श्रीपतच्या बापाचे दुःख खोटे नव्हते आणि निकालही कदाचित योग्यच होता. माझी तक्रार निकालाच्या वाटेबद्दल आहे. वय मोजून झाल्यावर, घरी परतल्यावर त्याचे काय होईल हा प्रश्न उरलाच नाही.

स्वतंत्र भारतानेही वाट फारशी बदलली नाही. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर आपली सही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४मध्ये एका इराणी माणसाला इराणला परत धाडू दिले नाही, पण तिथेही आधार होता तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने त्याला दिलेल्या मान्यतेचा. ज्याच्याकडे असा कागद नाही, त्याला घटनेच्या एकविसाव्या कलमाचा आडोसा शोधावा लागतो, आणि तो दरवेळी मिळतोच असे नाही: रोहिंग्यांची अंतरिम मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये फेटाळली, रीतसर प्रक्रियेविना पाठवणी करू नये, एवढेच त्यांच्या पदरी पडले. सरकारने ‘धार्मिक छळ किंवा त्याची भीती’ हे शब्द २०१५च्या अधिसूचनेत जरूर वापरले, आणि २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीने त्याच अधिसूचनेचा हात धरला. या दुरुस्तीचे समर्थक म्हणतात, शेजारच्या तीन देशांत छळ कुणाचा होतो हे जगजाहीर आहे, मग प्रत्येकाला पुरावा कशाला मागायचा? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. छळाचा दाखला घेऊन कुणी पळत नसतो. पण यादी करताच प्रश्न पुन्हा शेजारी सरकतो. धर्म सहांपैकी एक, देश तीनांपैकी एक आणि प्रवेश ३१ डिसेंबर २०१४पर्यंतचा, एवढे जुळले की छळाची वेगळी चौकशी उरत नाही. पाकिस्तानातल्या अहमदियाचा छळ कितीही उघड असो, त्याचे नाव त्या यादीत नाही.