पुस्तकाबरोबर चेंडू

बालसाहित्याचा विषय निघाला की आपण लेखकांविषयी बोलतो, चित्रकारांविषयी बोलतो. विकणाऱ्याचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही. मी पडलो कवी. आमच्या संग्रहांची एक आवृत्ती संपता संपत नाही. म्हणूनच असेल, पण खपणाऱ्या पुस्तकांविषयी मला भारी कुतूहल आहे. त्या कुतूहलापोटी मागं जावं, तर वाटेत जॉन न्यूबेरी हमखास भेटतो.

हा लंडनचा प्रकाशक. 1744 साली त्यानं मुलांसाठी खिशात मावेल एवढं चिमुकलं पुस्तक काढलं. किंमत सहा पेन्स. आणखी दोन पेन्स दिले की मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्या टोचायची उशी मिळे. एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, खोडी काढली की काळ्या. मुलांना खेळणं मिळालं आणि आईबापांना शिस्त! न्यूबेरीनं नेमकं ओळखलं होतं, की मुलांचं पुस्तक वाचणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. दोघांनाही राजी करावं लागतं.

न्यूबेरी औषधंही विकायचा. त्यानं 1765 साली काढलेल्या 'गुडी टू-शूज'च्या गोष्टीत नायिकेचे वडील तापानं दगावतात. का? तर ते असतात तिथं डॉक्टर जेम्स यांची पूड मिळत नाही म्हणून! ती पूड न्यूबेरीच्याच दुकानात मिळायची. गोष्टीत जाहिरात घुसवण्याची युक्ती इतकी जुनी आहे.

पुढं बिएट्रिक्स पॉटर या लेखिकेची गोष्ट पाहा. तिच्या पीटर नावाच्या सशाला प्रकाशक मिळेना. 1901 साली तिनं पदरमोड करून 250 प्रती छापल्या. 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेनं ते पुस्तक काढलं आणि ते धडाक्यात खपलं. 1903 मध्ये बाईंनी सशाची बाहुली बनवून तिचं पेटंटही घेतलं. पुस्तकाबरोबरचं खेळणं आता स्वतंत्रपणे दुकानात जाऊन बसलं.

आपल्याकडे हे गणित मुंबईत अनंत पै यांनी मांडलं. 1967 साली इंडिया बुक हाऊसतर्फे त्यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. सुरुवातीला विक्री रडतखडतच होती. चित्रांची पुस्तकं म्हणजे अभ्यासाचं वाटोळं, असं मानणारी शिक्षक-पालक मंडळी तेव्हा थोडी नव्हती. पै त्यांच्याकडेच वळले. शालेय शिक्षणात चित्रकथेचं स्थान काय, यावर 1978 साली दिल्लीत चर्चासत्र झालं. न्यूबेरीनं पालकांपुढं शिस्त ठेवली, पैंनी संस्कार आणि इतिहास ठेवला. कृष्णाबरोबर कबीर आला, अकबरही आला. माझ्या पिढीनं ही पुस्तकं हातोहात फिरवून, पानं सुटेपर्यंत वाचली. मी तर ती बहुतेक उसनीच वाचली. विक्रीच्या आकड्यांत अशा वाचकांचा हिशेब नसतो.

आता आकड्यांचंच बोलायचं, तर हॅरी पॉटरकडं यावं लागतं. 21 जुलै 2007 रोजी त्याचा सातवा भाग आला. मध्यरात्री दुकानं उघडली, रांगा लागल्या, आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत 83 लाख प्रती गेल्या. पण याच हॅरीचा पहिला भाग 1997 साली ब्रिटनमध्ये निघाला, तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या प्रती होत्या फक्त 500. त्यांतल्या सुमारे 300 ग्रंथालयांत गेल्या. म्हणजे पहिल्या वाचकांत उसनं पुस्तक घरी नेणारी मुलं कितीतरी असणार.

मला बाजाराचा राग नाही. चेंडूच्या लोभानं का होईना, मूल पुस्तकाजवळ येतं. चेंडू हरवतो, गोष्ट चांगली असेल तर ती उरते. पण बाजाराचा हात पोहोचतो तो खिशात पैसे असणाऱ्याच्या मुलापर्यंत. बाकीच्या मुलांसाठी शाळेतलं पुस्तकांचं कपाट हाच एक दरवाजा, आणि आपल्याकडं कितीतरी ठिकाणी त्याला कुलूप असतं. आत धूळ, आणि किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात!

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. घरच्या मुलाच्या वाढदिवसाला पुस्तक घ्याल, तेव्हा त्याचीच दुसरी प्रत जवळच्या शाळेला द्या. आणि देताना हळूच विचारा, कपाटाची किल्ली कुठं आहे?