मराठी गद्य आणि राष्ट्रीय अस्मिता : केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या लेखनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

राष्ट्रीय अस्मितेच्या जडणघडणीत गद्य साहित्याचा वाटा मोठा असतो. पारतंत्र्यात असलेल्या समाजाला आपण कोण आहोत, आपला भूतकाळ कोणता आणि आपल्यात कोणाकोणाचा समावेश होतो, हे प्रश्न निबंध, कादंबरी, प्रवासवर्णन आणि आत्मकथन यांतूनच विस्ताराने मांडता येतात. पूर्व युरोपातील युक्रेन हे याचे ठळक उदाहरण आहे. रशियन साम्राज्यात १८६३ च्या वाल्युएव्ह परिपत्रकाने युक्रेनियन भाषेतील धार्मिक व शैक्षणिक पुस्तकांवर निर्बंध घातले आणि १८७६ च्या एम्स येथील फर्मानाने ते अधिक कडक केले. तरीही कुलीश, पुलुय आणि नेचुय-लेवित्स्की यांनी केलेले बायबलचे युक्रेनियन भाषांतर १९०३ मध्ये व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाले आणि त्या भाषेच्या सामर्थ्याचा पुरावा मानले गेले. स्वातंत्र्यानंतर ओक्साना झाबुझ्को यांच्या १९९६ मधील कादंबरीने राष्ट्राच्या पारतंत्र्याचा प्रश्न स्त्रीच्या खासगी जीवनाशी जोडला. राष्ट्राची भाषा कोणती आणि त्या राष्ट्रात स्त्रीचे स्थान काय, हे दोन प्रश्न तेथील गद्यात असे एकत्र आलेले दिसतात.

हेच दोन प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी गद्यात एका लेखिकेने मांडले होते. त्या लेखिका म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात केडगाव येथे त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध व्यतीत केला. समाजसेविका म्हणून त्यांची नोंद सर्वत्र आढळते. मात्र राष्ट्राचा विचार करणाऱ्या गद्यलेखिका म्हणून त्यांचा विचार फारसा झालेला नाही. तो करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

भीमाकाठचे दोन तालुके आणि गद्याचे दोन प्रवाह

शिरूर आणि दौंड हे भीमा नदीच्या दोन बाजूंचे शेजारी तालुके होत. शिरूर तालुक्याचे नाव प्रामुख्याने मराठ्यांच्या राजकीय इतिहासाशी निगडित आहे. वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाईचा शेवट झाला. या लढाईच्या स्मारकस्तंभास १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भेट दिली आणि त्याच भूमीचा एक निराळा अर्थ समाजासमोर आला. इतिहासातील एकाच स्थळाचे अर्थ समाजातील विविध घटकांसाठी वेगवेगळे असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

मराठी गद्यातही आरंभापासून दोन प्रवाह दिसतात. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी हिंदू विधवांच्या स्थितीचे चित्रण करते. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते; ती वाचकाला शिवकाळात नेते. पहिला प्रवाह समाज आज कसा आहे हे विचारतो, तर दुसरा समाज पूर्वी कसा होता हे सांगतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि स्वभाषा, स्वदेश व स्वेतिहास यांच्या अभिमानाला तिने भक्कम गद्यरूप दिले. पुढे हरिनारायण आपटे यांनी दोन्ही प्रवाहांत लेखन केले. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही एका विधवेची आत्मकहाणी आणि ‘उषःकाल’ ही शिवकालीन कादंबरी या एकाच लेखणीतून उतरल्या. परंतु अस्मितेचे साधन म्हणून दुसऱ्या प्रवाहालाच अधिक मान मिळत गेला. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटील यांची ‘संभाजी’ (२००५) या कादंबऱ्यांपर्यंत ही परंपरा अखंड चालत आली आहे. वढूची भूमी या दुसऱ्या प्रवाहाच्या केंद्रस्थानी आहे. नदीपलीकडील केडगाव मात्र पहिल्या प्रवाहाचे असून ते साहित्याच्या इतिहासात काहीसे बाजूला पडले.

‘स्त्रीधर्मनीति’ ते ‘लोकस्थिती’

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गमावल्यावर रमाबाई भावासह पायी तीर्थयात्रा करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये झालेला विवाह पतीच्या मृत्यूमुळे दोनच वर्षांत संपला. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. त्या वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंधही त्याच वर्षीचा. ताराबाईंच्या निबंधातील प्रखरता ‘स्त्रीधर्मनीति’त नाही. तिची भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि उपदेश बऱ्याच अंशी परंपरेच्या चौकटीतला आहे. तथापि स्त्रीने आपल्या उन्नतीसाठी इतरांवर विसंबून राहू नये, हे त्यातील सूत्र पुढील सर्व लेखनाचे बीज ठरले.

इंग्लंडमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. हे धर्मांतर म्हणजे राष्ट्रत्याग, असा समज महाराष्ट्रात दृढ झाला. त्यांचे तेथील वर्तन मात्र निराळे सांगते. शाकाहार त्यांनी सोडला नाही, भारतीय वेश सोडला नाही. अंगावर धारण करावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शिकेस विचारला. धर्मगुरूंच्या अधिकारापुढे विनाप्रश्न मान तुकविण्याचेही त्यांनी नाकारले. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, ही भूमिका त्यांनी प्रत्यक्ष आचरणातून मांडली होती.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथील सुमारे तीन वर्षांच्या वास्तव्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा ग्रंथ सिद्ध झाला. नाव प्रवासवृत्ताचे असले तरी ग्रंथाचा गाभा एका राष्ट्राच्या घडणीची चिकित्सा हा आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्म व परोपकार, स्त्रियांची स्थिती, उद्योगधंदे असे विषय प्रकरणवार घेऊन त्या मराठी वाचकासमोर एक प्रजासत्ताक उभे करतात. इंग्रजांचे राज्य झुगारून स्वतंत्र झालेला हा देश आहे, ही गोष्ट त्या काळच्या हिंदी वाचकाला आपोआपच विचार करावयास लावणारी होती. कृष्णवर्णीय गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय हे दोषही त्यांनी झाकले नाहीत. स्त्रियांनी उभारलेल्या संस्था, शाळा व संघटना यांचे वर्णन त्या विशेष आस्थेने करतात. राष्ट्राची प्रगती त्यातील स्त्रियांच्या स्थितीवरून मोजावी, हा या ग्रंथाचा सिद्धान्त म्हणता येईल. भाषेच्या दृष्टीनेही येथे मोठे अंतर कापलेले दिसते. ‘स्त्रीधर्मनीति’तील जड समास मागे पडून उपरोध, तुलना आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांनी युक्त असे प्रवाही मराठी गद्य येथे आढळते.

राष्ट्रीय चळवळ आणि रमाबाई

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८८९ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, ही घटना सदनाच्या सामाजिक परिणामाची साक्ष देते. परंतु सदनातील विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या प्रश्नावरून ‘केसरी’ने प्रखर टीका केली. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे सुधारकही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

या वादात दोन्ही बाजूंना काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. धार्मिक बाबतीत तटस्थतेचे आश्वासन दिलेल्या संस्थेकडून ते पूर्णपणे पाळले जावे, ही पालकांची अपेक्षा गैर नव्हती. दुसरीकडे, सदनाबाहेर या विधवांसाठी समाजाने कोणती सोय केली होती, या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांजवळ नव्हते. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या त्या काळच्या वादाचेच हे एक रूप होते. रमाबाई सरकारच्या पक्षपाती होत्या असे मात्र म्हणता येत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील सरकारी उपाययोजनांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली.

केडगाव : मुक्ती सदन आणि सोप्या मराठीचा प्रयोग

शारदा सदनाला उत्पन्नाचे साधन असावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे रेल्वेमार्गालगत जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवा यांना तेथे आश्रय मिळाला आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या हजाराच्या पुढे गेली. शेती, विणकाम, शिवणकाम आणि मुद्रण ही कामे स्त्रियाच करीत. शिरूर आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनची केंद्रे त्यापूर्वीच होती. परंतु केडगावची संस्था एका भारतीय स्त्रीने स्थापन केलेली आणि चालविलेली होती, हे तिचे वेगळेपण होय.

येथे येणाऱ्या मुली भिन्न जातींच्या, भिन्न प्रांतांच्या आणि बहुतांशी निरक्षर होत्या. त्यांना समजेल असे मराठी कोणते, हा प्रश्न रमाबाईंपुढे उभा राहिला. बायबलची मराठी भाषांतरे उपलब्ध होती. पण त्यांतील संस्कृत शब्द सामान्य स्त्रीला कळत नाहीत आणि त्या शब्दांना तत्त्वज्ञानाचे जुने अर्थ चिकटलेले असतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. संस्कृतातील पांडित्यासाठी पदवी मिळविलेल्या विदुषीने संस्कृतचा आधार जाणीवपूर्वक सोडावा, ही मराठी गद्याच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. धार्मिक हेतू बाजूला ठेवून पाहिले तरी, भाषा ही सर्वांत खालच्या पायरीवरील वाचकासाठी असावी, हा विचार त्यामागे दिसतो.

उपेक्षेची कारणमीमांसा

रमाबाईंचे गद्य साहित्याच्या मुख्य परंपरेत का आले नाही, याचे उत्तर सामान्यतः धर्मांतर असे दिले जाते. ते अपुरे आहे. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) हेही धर्मांतरित कुटुंबाचे आत्मकथन आहे. तरीही मराठी वाचकाने ते आपले मानले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांची देशभक्तिपर कविताही स्वीकारली गेली. लक्ष्मीबाई एका घराची कथा जिव्हाळ्याने सांगतात आणि वाचकाला आपलेसे करतात. रमाबाई वाचकाला उत्तरदायी धरतात. ज्या राष्ट्राचा अभिमान बाळगावयाचा, त्यात विधवेचे स्थान कोणते, हा त्यांचा प्रश्न अभिमानाच्याच मुळाशी जातो. पूर्ववैभवाच्या आधाराने आत्मविश्वास मिळवू पाहणाऱ्या समाजाला त्या काळी तो मानवला नाही. त्यात त्यांनी धर्म व भाषा या दोन्ही आधारांबाबत परंपरेशी फारकत घेतल्यामुळे, प्रश्न टाळून प्रश्नकर्तीविषयीच बोलणे सोपे झाले.

युक्रेनशी तुलना येथे उपयोगी पडते, मात्र तिला मर्यादा आहेत. मराठीवर तशी बंदी कधीच नव्हती. शिवाय युक्रेनमध्ये ख्रिस्ती धर्म हा बहुसंख्याकांचा धर्म असल्याने लोकभाषेतील बायबल हे राष्ट्रकार्य ठरू शकले. महाराष्ट्रात तसाच भाषिक परिश्रम एका लहान समाजापुरता गणला गेला. म्हणजे एखादे लेखन राष्ट्रीय ठरते की नाही, हे त्याच्या गुणांइतकेच राष्ट्राच्या तत्कालीन व्याख्येवर अवलंबून असते.

पुढे देवदत्त नारायण टिळक यांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ (१९६०) हे चरित्र प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांच्या इंग्रजीतील अभ्यासांनी त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. ‘लोकस्थिती’चे कोसंबींनी केलेले इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये प्रकाशित झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पंडिता रमाबाईंचे मराठी गद्य हे राष्ट्रविचाराचेच गद्य आहे. त्यात राष्ट्राचा निकष गतवैभव हा नसून वर्तमानातील दुर्बलांची स्थिती हा आहे. ‘स्त्रीधर्मनीति’पासून केडगावच्या भाषांतरापर्यंत त्यांच्या भाषेचा प्रवास पांडित्याकडून सामान्य स्त्रीच्या बोलीकडे झाला, आणि हा प्रवास त्यांच्या विचाराशी सुसंगत होता. त्यांची उपेक्षा केवळ धर्मांतरामुळे झालेली नसून अस्मितेच्या एका विशिष्ट कल्पनेमुळे झाली. वढू बुद्रुकची समाधी आणि केडगावचे मुक्ती सदन या दोन्ही स्थळांतील अंतर थोडे आहे. मराठी अस्मितेचा इतिहास लिहिताना पहिल्या स्थळाने प्रेरित केलेल्या गद्याबरोबरच दुसऱ्या स्थळी सिद्ध झालेल्या गद्याचीही दखल घेतली, तरच तो इतिहास पूर्ण होईल. पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘लोकस्थिती’चा समावेश करणे ही त्या दिशेने पहिली पायरी ठरू शकेल.