दिनविशेष, २ जानेवारी : आचरेकर सरांचा स्मृतिदिन
क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे २०१९ मध्ये आजच्याच दिवशी मुंबईत निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिष्य सचिन तेंडुलकरने पार्थिवाला खांदा दिला. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार न झाल्याने चाहते नाराजही झाले. ज्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना, त्यांच्यासाठी एवढा शोक कशाला, असे कुणी विचारील. उत्तर दादरच्या शिवाजी पार्कवर सर यष्टीवर ठेवत त्या एक रुपयाच्या नाण्यात आहे. सचिनला बाद करणाऱ्याला ते मिळे. तो नाबाद राहिला तर त्याला. दमलेल्या मुलाला शेवटपर्यंत एकाग्र ठेवण्याची ही युक्ती. द्रोणाचार्य (१९९०) आणि पद्मश्री (२०१०) हे सन्मान नंतरचे.

ही शिकवण दादरपुरती, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडला तिचा काय उपयोग, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. खुद्द सचिनलाही वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम शाळेत यावे लागले, मैदानाजवळ नातेवाइकांकडे राहावे लागले. भातकापणीनंतरच्या खाचरात टेनिस चेंडूने खेळणाऱ्या शहापूरच्या मुलाला मुंबईचे मैदान गाठायचे तर आसनगावहून लोकल धरावी लागते. मुरबाडहून आधी कल्याण गाठायचे. पण सरांची मेहनत नेटपुरती नव्हती. सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांना नेत. खेळपट्टी तालुक्यातही करता येईल. पण मुलांमागे असा फिरणारा माणूस पगार दिल्याशिवाय टिकत नाही, आणि फुकट राबावे ही अपेक्षाही रास्त नव्हे. म्हणून गावच्या क्रीडांगणासाठी निधी मागताना सिमेंटच्या बरोबरीने पूर्णवेळ प्रशिक्षकाच्या पगाराचीही तरतूद मागा.