लॅटिनो लोकसंघटना : जनवकिलीची क्षमताबांधणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको, प्वेर्तो रीको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांना मिळून लॅटिनो म्हणतात. टेक्सस आणि कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या ताब्यात असल्यापासून तिथेच राहणारी स्पॅनिशभाषक कुळेही त्यांत येतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६.२१ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरली. या समाजाच्या वस्तीपातळीवरील संघटनांनी आपले प्रश्न महापालिका, विधिमंडळ, न्यायालय किंवा बड्या कंपन्यांपुढे नेऊन निर्णय बदलून घेण्याची ताकद कमावणे, हा या नोंदीचा विषय. देणगीदारांच्या अहवालांत या ताकदीचा हिशेब बहुधा प्रशिक्षणवर्ग, सल्लागार आणि पगारी कर्मचारी यांच्या संख्येने मांडलेला असतो. इतिहास तपासला तर ही मोजपट्टी तोकडी पडते. जिथे सभासद स्वतः माहिती काढायला, बैठक चालवायला आणि अधिकाऱ्याला समोरासमोर जाब विचारायला शिकले, तिथे ताकद टिकली. बाहेरच्या पैशाने आणि कायदेपंडितांनी तिला जोर दिला, काही वेळा तिच्यासाठी वाट मोकळी केली. पण तिची जागा त्यांना घेता आली नाही.

लॉस एंजेलिसमध्ये १९४७ साली एडवर्ड रॉयबल सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत पडले. प्रचाराला जमलेली मंडळी मात्र पांगली नाहीत. त्यांनी कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन ही संघटना काढली. शिकागोच्या सॉल अलिन्स्की यांच्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनने फ्रेड रॉस हा संघटक तिच्या मदतीला दिला. रॉस यांचे तंत्र दिसायला साधे होते. एखाद्याच्या घरी मूठभर शेजारी जमवायचे, वस्तीतल्या अडचणींवर त्यांनाच बोलते करायचे आणि उठण्यापूर्वी पुढची बैठक कोणाच्या घरी ते ठरवून घ्यायचे. जो घर देई त्याच्याकडे शेजाऱ्यांना बोलावण्याची जबाबदारी येई, आणि कोणाच्या शब्दाला वजन आहे ते त्यातच कळे. या बैठकांतून घडलेल्या कार्यकर्त्यांनी सुमारे १५,००० नवे मतदार नोंदवले. १९४९ मध्ये रॉयबल निवडून आले; एकोणिसाव्या शतकानंतर त्या कौन्सिलवर गेलेले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन. १९५२ मध्ये सॅन होसेच्या एका गरीब वस्तीत रॉस यांना सेसार चावेझ भेटले, पुढे स्टॉकटनमध्ये डोलोरेस वेर्ता आल्या. १९६२ च्या अधिवेशनात मात्र शेतमजुरांना संघटित करण्याचा चावेझ यांचा प्रस्ताव फेटाळला गेला. राजीनामा देऊन ते कॅलिफोर्नियातल्याच डेलानोला गेले आणि तिथे त्यांनी शेतमजुरांची नवी संघटना उभारली. संघटनेचे नाव आणि शाखा जुन्या जागी राहिल्या, कसब माणसांबरोबर गेले.

सर्वांत बोलके उदाहरण टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या ‘कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस’चे, म्हणजे कॉप्सचे आहे. ही संघटना १९७४ मध्ये कॅथलिक धर्मग्रामांच्या आधारावर उभी राहिली. संघटक अर्नेस्टो कोर्तेस यांनी नावाजलेल्या राजकीय कार्यकर्त्यांना बाजूला ठेवून चर्चच्या जत्रा भरवणाऱ्या, शाळेतल्या पालकसभा चालवणाऱ्या माणसांना गाठले. त्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांच्याशी महिनोन्महिने झालेल्या गप्पांतून जो प्रश्न वर आला तो तोवरच्या पुढाऱ्यांच्या भाषणांत क्वचितच असे : पावसाचे पाणी. शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्त्यांत जोराची सर आली की रस्त्यांचे ओढे होत आणि पाणी घरांत शिरे. सभासदांनी महापालिकेचे जुने कागद चाळले, तेव्हा यांतले एक काम १९४५ च्या रोख्यांतच मंजूर झाल्याचे निघाले. जवळजवळ तीस वर्षे ते तसेच पडून होते. ऑगस्ट १९७४ मध्ये पुन्हा पाणी भरले आणि शेकडो लोक हा पुरावा घेऊन कौन्सिलच्या सभेत गेले. नोव्हेंबरात ४.६८ कोटी डॉलरच्या रोख्यांना मतदारांनी मंजुरी दिली. पुढच्या वर्षी शहरातल्या व्यापारी पुढाऱ्यांना बोलणीला बसवण्यासाठी सभासद फ्रॉस्ट बँकेत रांगा लावून नोटांची सेंटमध्ये चिल्लर घेत आणि त्याच चिल्लरीच्या पुन्हा नोटा करून मागत; जॉस्केज या मोठ्या दुकानात तासन्‌तास कपडे अंगाला लावून पाहत आणि काही न घेता बाहेर पडत. यात बेकायदा असे काहीच नव्हते, त्यामुळे व्यवस्थापकांची पंचाईत झाली. जे काम लोक स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी कधीही करायचे नाही, हा अलिन्स्कींच्या फाउंडेशनपासून चालत आलेल्या या परंपरेचा सक्त नियम. कौन्सिलसमोर कोण बोलणार याची तालीम आधी होई आणि झालेल्या भेटीचे परखड परीक्षण नंतर होई. प्रशिक्षण इथेही होतेच, पण ते प्रत्यक्ष लढ्याला जोडलेले होते.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे : मोठे बदल सभासदांनी नव्हे, कायद्याने आणि वकिलांनी घडवले. १९७७ मध्ये सॅन अँटोनियोत एकसदस्यीय प्रभाग आले, तेव्हाच पश्चिम भागाचा आवाज कौन्सिलमध्ये खऱ्या अर्थाने पोचला. हा बदल घडला तो १९७५ मध्ये मतदान हक्क कायदा टेक्ससला लागू झाल्यामुळे आणि शहराच्या हद्दवाढीला केंद्रीय न्याय खात्याने हरकत घेतल्यामुळे. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या २२ लाख डॉलरच्या मदतीने मॅल्डेफ ही कायदेविषयक संस्था सॅन अँटोनियोतच सुरू झाली होती. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात कागदपत्रे नसलेल्या मुलांचा सरकारी शाळेतला हक्क सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला; तोही मॅल्डेफच्या वकिलांनी लढवलेला दावा. घराघरांतल्या बैठकांनी असा निकाल मिळाला नसता, हे मान्यच करायला हवे. तरी प्रभागांचा प्रश्न अखेर मतदानाला गेला आणि निसटत्या मताधिक्याने सुटला, हे विसरून चालणार नाही. न्याय खात्याने दार ढकलले. ऐन वेळी पश्चिम भागातले मतदार घराबाहेर पडले ते कॉप्सच्या जाळ्यामुळे. राज्यशास्त्रज्ञ पीटर स्केरी यांनी १९९३ च्या ग्रंथात सॅन अँटोनियो आणि लॉस एंजेलिस यांची तुलना करून एकीकडे वस्तीत रुजलेले राजकारण, दुसरीकडे वकील, देणगीदार आणि पदाधिकारी यांच्या वर्तुळातले राजकारण असा भेद दाखवला. त्यांचे सगळे निष्कर्ष पटण्याजोगे नाहीत, पण हा भेद मात्र खरा आहे.

बाहेरच्या पैशाला अटी असतात. फोर्डच्याच आधाराने १९६८ मध्ये साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा सुरू झाली. तीच पुढे नॅशनल कौन्सिल ऑफ ला रासा झाली आणि २०१७ पासून युनिडोसयूएस म्हणून ओळखली जाते. तिच्याशी सुमारे ३०० संस्था संलग्न आहेत. टेक्ससमधल्या तरुणांच्या आक्रमक राजकारणाला फोर्डचा पैसा मिळतो अशी ओरड झाली आणि १९६९ च्या करकायद्याने खासगी प्रतिष्ठानांच्या मतदार नोंदणीसाठीच्या मदतीवर कडक बंधने घातली. त्या धास्तीचा परिणाम अजून ओसरलेला नाही. करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला निवडणुकीत कोणाची बाजू घेता येत नाही, एवढ्यावरून कायद्यासाठी आमदार-खासदारांकडे पाठपुरावा करणेही निषिद्ध आहे असे अनेक संचालक मंडळे धरून चालतात. वास्तविक १९७६ च्या तरतुदीनुसार एका पानाचा ५७६८ क्रमांकाचा अर्ज भरला की संस्थेला आपल्या पहिल्या पाच लाख डॉलर खर्चापैकी २० टक्क्यांपर्यंत रक्कम या कामावर लावता येते. तो अर्ज भरणाऱ्या संस्था फार थोड्या. हा एक पैलू असा आहे, जिथे दोन तासांचा वर्ग खरोखर उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप असा की सभासदांची ताकद म्हणजे शेवटी मतांची ताकद, आणि या समाजातल्या लाखो लोकांना मताधिकारच नाही. त्यांनी कशाच्या जोरावर बोलायचे? शिवाय मायामीतला क्यूबन व्यापारी आणि ग्वाटेमालाहून आलेला शेतमजूर यांचे हितसंबंध एक नाहीत. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे : यशस्वी संघटना सरसकट ‘लॅटिनो’ प्रश्नावर उभ्या राहिलेल्याच नाहीत. कॉप्स नाल्यावर उभी राहिली. डेलानोचा द्राक्षसंप ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, चावेझ यांची संघटना आठवड्याभराने त्यात उतरली. मताधिकाराच्या मुद्द्यावर मात्र थांबून विचार करावा लागतो. कधी मताधिकार असलेले सभासद नसलेल्यांसाठी लढले : १९६१ मध्ये वेर्ता आणि कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशनने कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाकडून नागरिकत्व नसलेल्या जुन्या रहिवाशांसाठी वृद्धापकाळ साहाय्य मंजूर करून घेतले. कधी लढ्याचे मैदानच बदलले. १९३५ च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना संरक्षणातून वगळले होते. गंमत अशी की १९४७ मध्ये कामगार संघांवर दुय्यम बहिष्काराची, म्हणजे वादातल्या मालकाचा माल विकणाऱ्यांवरही बहिष्कार टाकण्याची, जी बंदी आली, तीही मग त्यांना लागू झाली नाही. डेलानोच्या संपातून निघालेला द्राक्षांवरील बहिष्कार दुकानादुकानांपर्यंत पसरवता आला तो त्यामुळेच.

हीच दिशा फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो मजुरांनी पुढे नेली. कोअ‍ॅलिशन ऑफ इमोकली वर्कर्स ही त्यांची संघटना १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्यात मेक्सिकन आणि ग्वाटेमालन यांच्या जोडीला हैतीचे लोकही आहेत. त्यांनी मळेवाल्यांऐवजी टोमॅटो विकत घेणाऱ्या साखळ्यांना धरले. २००१ मध्ये सुरू झालेला टाको बेल या खाद्यगृहांच्या साखळीवरचा बहिष्कार २००५ मध्ये कराराने मिटला : पौंडामागे एक सेंट जादा, आणि मळ्यावर वागणुकीचे नियम. पुढे मॅकडॉनल्ड्ससारख्या कंपन्याही या व्यवस्थेत आल्या. मळ्यावर मजुरांना त्यांचे हक्क पगारी तासांत समजावून सांगितले जातात, आणि सांगणारेही मजूरच असतात. या व्यवस्थेचा आवाका अर्थातच करारात आलेल्या खरेदीदारांपुरता आहे. वेंडीज ही साखळी बहिष्कार पुकारला जाऊनही वर्षानुवर्षे बाहेर राहिली, आणि करारात नसलेल्या मळ्यांवर या नियमांचा अंमल नाही.