नवरीच्या स्वागताला मेडिया

श्रोतेहो, लग्नघरात भिंतीवर आपण काय लावतो? कुणी गणपती लावतो, कुणी बिस्मिल्लाची तसबीर. 1770 च्या मे महिन्यात स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाईन नदीतल्या बेटावर एक शाही मांडव उभारला होता. त्याच्या मुख्य दालनात लावली होती मेडिया.

नवरी म्हणजे चौदा वर्षांची ऑस्ट्रियन राजकन्या मारी आंत्वानेत. तिला फ्रेंचांच्या हवाली करण्याचा विधी तिथे व्हायचा होता. राखणदारांच्या हातावर चांदीचे नाणे ठेवून एक विद्यार्थी आधीच आत डोकावला. पुढे हाफिझच्या प्रेमात पडलेला महाकवी गटे, तो हाच. बाजूच्या दालनांत राफाएलच्या चित्रांवरून विणलेले पडदे पाहून तो हरखला. मुख्य दालनात मात्र त्याचे डोके फिरले.

तिथले पडदे द त्र्वा या फ्रेंच चित्रकाराच्या 1740 च्या दशकातल्या चित्रमालिकेवरून पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात विणलेले होते. या विणकामात रंगीत धागा पन्हाभर आडवा जात नाही, आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाऊन परततो. आपल्या पैठणीच्या पदराची जात हीच. गोब्लँचा विणकर मागाच्या मागे बसतो, त्याच्यासमोर उलटी बाजू. सुलटी पाहायला पुढे आरसा ठेवतो.

आणि विषय? जेसनने मेडियाला टाकून क्रेऊसाशी लग्न मांडले. मेडियाने सवतीला विषारी वस्त्र भेट दिले. ते नेसताच ती जळून मेली. मग मेडियाने स्वतःच्या पोरांना मारले आणि ती नागांच्या रथातून उडून गेली. हे सारे रेशमात आणि लोकरीत, नव्या नवरीसमोर! (वस्त्रानेच जीव घेतल्याची गोष्ट वस्त्रावरच विणावी, याला काय म्हणावे?)

गटे मोठ्याने ओरडू लागला. चित्रात अर्थ कोण शोधतो, असे म्हणत सोबत्यांनी त्याला आवरले.

मला त्या सोबत्यांचे म्हणणे सोडवत नाही. दरबाराने बहुधा भांडारातले भारी पडदे काढले, विषय कुणी पाहिलाच नाही. गटेने हे आत्मचरित्रात लिहिले ते चाळीसेक वर्षांनी, राणीचा शेवट जगजाहीर झाल्यावर. त्याचा राग खरा असेल, पण त्याला अपशकुनाची धार नंतर चढली असावी.

16 मे रोजी व्हर्सायला लग्न लागले. 30 मे रोजी पॅरिसमध्ये लग्नाच्या आतषबाजीत चेंगराचेंगरी होऊन शंभरावर माणसे मेली. राणीला गिलोटिनवर नेले ते 16 ऑक्टोबर 1793 रोजी.